बडेबाबूंची गाठ

गेल्या महिन्यात नांदेडला माझ्या भाच्याचं रिसेप्शन झालं आणि त्यात नवरदेवाबरोबर मीही बांधला गेलो. अलंकारिक लिहीत नाही. खरोखरच बांधला गेलो.

भाच्यानं सूट शिवला होता, पण टाय बांधता येईल असा माणूस अख्ख्या मंगल कार्यालयात नव्हता. मोबाइलमध्ये बघून बांधणारे दोघंतिघं होते. पण मोबाइलमधल्या माणसाचा डावा हात म्हणजे आपला डावा की उजवा, यावर त्यांचीच जुंपली होती. शेवटी माझ्या बहिणीनं मला पुढं ढकललं. "मामाला येतो! मामा लातूरला टायवाल्या बडेबाबूंच्या हाताखाली होता."

मी स्वतःही त्या दिवशी हौसेनं टाय घातला होता, त्यामुळं नाही म्हणायची सोय नव्हती. चष्मा कपाळावर चढवला, नवरदेवाच्या छातीशी नाक नेलं आणि एक वेढा, दुसरा वेढा, खालून वर, वरून आत असं करत गाठ झोकात ओढली. "बघ आरशात," म्हणालो. भाचा आरशाकडं वळला. त्याच्याबरोबर मीही वळलो. वेढे देता देता माझ्याच टायचं टोक मी त्याच्या गाठीत ओवून टाकलं होतं.

तेवढ्यात कुणीतरी ओरडलं, "नवरदेवाला आणा!" आम्ही दोघं गालाला गाल लावून स्टेजवर चढलो. देगलूरहून आलेले आमचे चुलते पहिल्या रांगेतून म्हणाले, "अय्यो, मामाची माया बघा! पोराला सोडूनच नाही राहिला!" नवरीला वाटलं, आमच्याकडची काही रीत असेल. तिनं बिचारीनं आम्हा दोघांनाही एकदमच वाकून नमस्कार केला. शेवटी भाच्यानं आपल्या गळ्यातला फास डोक्यावरून काढला आणि दोन्ही टाय एका गाठीत माझ्या गळ्यात लोंबत राहिले. तो उघड्या कॉलरनं फोटोला उभा राहिला. हल्ली तशीच फॅशन आहे, असं मी जेवणाच्या पंगतीपर्यंत सांगत फिरलो.

बायको समोरच बसली होती. ती जे बोलली ते नंतर.

अशा वेळी इज्जत वाचवायला माझ्याकडं एक हुकमी गोष्ट आहे, बडेबाबूंची. ती सांगितली की लोक बडेबाबूंना हसतात आणि मला विसरतात. त्या दिवशीही मी ती सांगितली, लोक पोट धरधरून हसले. इथं मात्र नीट सांगतो, कारण आता तिचा शेवट बदलला आहे.

लातूर जिल्हा तेव्हा नवाकोरा होता. म्हणजे नाव नवं होतं, बाकी सगळं जुनंच. खुर्च्यांच्या पाठीवर जुन्या जिल्ह्याचं नाव रंगवलेलं, कपाटांना दुसऱ्याच कुलपांच्या किल्ल्या, आणि आमची टंचाई शाखा एका डाळीच्या गोदामात. पंखा लावला की तुरीची फोलपटं उडायची आणि अंगावर बसायची. दुपारपर्यंत सगळा स्टाफ हळद लागल्यासारखा दिसायचा. त्यात पावसानं दगा दिलेला. टंचाई शाखेत फक्त टंचाईचीच टंचाई नव्हती.

मी देगलूरहून नोकरीला हजर झालो, तेव्हा दारातच दोन माणसं उभी दिसली. एक कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट, गळ्यात मरून टाय. दुसरा बाह्या दुमडलेला, घामेजलेला, केसात फोलपटं. मी टायवाल्याच्या पाया पडलो आणि दुसऱ्याला म्हणालो, "जरा पाणी देता का हो?" त्यानं माठातून तांब्या भरून आणून दिला. मी घटाघटा प्यालो. तांब्या परत देताना कळलं, पाणी देणारे आमचे साहेब होते. पाया पडलो ते अव्वल कारकून. त्यांना सगळं ऑफिस बडेबाबू म्हणायचं.

"घाबरू नका," बडेबाबू म्हणाले. "रोज एकजण पडतोच. काल निलंग्याचे पाटील पडले."

खरंच होतं ते. नव्या जिल्ह्यात कोण साहेब, कोण कारकून, कुणालाच ठाऊक नव्हतं. लोक टाय बघून ठरवायचे. खेड्यापाड्यांतली मंडळी हार घेऊन यायची आणि थेट बडेबाबूंच्या टेबलापुढं उभी राहायची. बडेबाबू हार हातात घ्यायचे, उठायचे, साहेबांच्या खोलीत जाऊन तो त्यांच्या गळ्यात घालायचे आणि मंडळींकडं वळून सांगायचे, "हे साहेब. माझा नुसता टाय हाय." साहेब मोठा दिलदार माणूस. एकदा ते मला हळूच म्हणाले, "त्यांना बदलीवर पाठवायचं म्हटलं तर लोक म्हणतील, कारकुनानं साहेबाची बदली केली."

टाय एकच. मरून रंगाचा, त्यावर बारीक पांढरी तिरकी रेघ. बडेबाबूंची आई डाळमिलमध्ये डाळ निवडायला जायची. पोरगा सरकारी नोकरीला लागला त्या दिवशी तिनं गंजगोलाईतल्या जुन्या कपड्यांच्या ढिगातून तो शोधून काढला होता. दुकानदाराला म्हणाली होती म्हणे, "आमच्या फोटोत हाय तसा दे." त्यांच्या घरच्यांनी नागपूरला जाऊन दीक्षा घेतलेली. घरी भिंतीवर एकच फोटो. निळा कोट, टाय, चष्मा, हातात पुस्तक.

टाय तर आला, पण बांधायचा कसा? शिकवणारं कुणी नव्हतं. घरात आरसाही नव्हता. फोटो होता. बडेबाबू रोज सकाळी फोटोसमोर उभे राहायचे आणि आरशात बघावं तसं त्यात बघून बांधायचे. फोटोतली गाठ ज्या बाजूला, ह्यांचा हात त्या बाजूला. महिनाभरात गाठ जमली, पण उलटी. बाहेरून हुबेहूब, आतून सगळे वेढे भलत्याच दिशेनं. ती त्यांच्याशिवाय कुणालाच सोडवता यायची नाही. गाठीच्या आत एक छोटं शेपूट दडवलेलं असायचं. ते ओढलं की सगळं एका झटक्यात मोकळं. कोणतं शेपूट, ते मात्र सांगायचे नाहीत.

"माझी गाठ," ते म्हणायचे, "माझ्या परवानगीशिवाय सुटत न्हाई."

हे वाक्य ते दिवसातून एकदा तरी म्हणायचे. कधी गाठीवरून, कधी फाईलवरून, कधी भांडून माहेरी आलेल्या मुलीला परत न्यायला जावई आला की त्याला.

मी पण ती गाठ शिकलो. बांधायला शिकलो. सोडवायला नाही. म्हणजे माझं सगळंच जसं असतं, तसं.

लातूरचा उन्हाळा, त्यात पाण्याचे वांधे. हापशाचा दांडा दुपारी हाताला चटका द्यायचा. आम्ही सगळे बनियनला आलेलो, आणि बडेबाबू कॉलरचं बटण लावून, गाठ गळ्याशी भिडवून बसलेले. टाय मात्र त्या वर्षी त्यांनी धुतला नाही. "लोकांना प्यायला न्हाई अन् मी टायला पाजू?" म्हणायचे. जुन्या दात घासायच्या ब्रशनं ते तो झाडायचे, तुरीची फोलपटं वेचायचे आणि दोरीवर उन्हात टाकायचे. तेवढा वेळ गळ्याभोवती रुमाल. उघडा गळा कुणी बघितलेला नव्हता.

एकदा मी धीर करून विचारलं, "बडेबाबू, एवढ्या उन्हात गळा कशाला आवळून घेता?"

त्यांनी पेन खाली ठेवलं. "आमच्या बापाची मान सदा खाली. पाटलापुढं खाली, पेशकारापुढं खाली, रस्त्यानं चालला तरी खाली. टाय कसून बांधला की मान खाली घालताच येत न्हाई. करून बघा."

मी त्या आठवड्यात करून बघितलं. खरं होतं. मान इतकी वर राहिली की गोदामाची पायरी दिसली नाही आणि मी साहेबांच्या जीपच्या बोनेटवर पालथा पडलो. बडेबाबूंनी मला उचललं, झाडलं आणि म्हणाले, "बघा, पडले तरी मान वरच व्हती!"

आता विहिरीची गोष्ट.

दिल्लीहून दुष्काळ बघायला पथक येणार होतं. मुरुडकडच्या एका गावाचा टँकरचा अर्ज आमच्याकडं पडून होता. त्या गावच्या बाया पहाटेपासून नदीच्या वाळूत झरे उकरून वाटीवाटीनं घागरी भरत होत्या. पण गावातल्या मोठ्या विहिरीत पाणी आहे, असं कुणीतरी वर कळवलं होतं, म्हणून टँकर अडला होता. पथक ती विहीर स्वतः बघणार आणि तिथल्या तिथं हो की नाही सांगणार, असं ठरलं. आमचे साहेब आदल्या दिवशीच पथकाला घ्यायला गेले आणि तिथून त्यांनी फोन केला. फोन घ्यायला मी होतो. हे ह्या गोष्टीतलं माझं योगदान.

लाइन म्हणजे नुसती खरखर. त्या खरखरीतून साहेबांचा आवाज आला, "उद्या विहिरीवर सगळा स्टाफ टायडी पाहिजे! समजलं? टायडी!"

मी "हाव साहेब" म्हणून फोन ठेवला आणि सगळ्यांना गोळा केलं. "ऑर्डर आली आहे," मी म्हणालो. "उद्या सगळ्यांनी टाय-डी."

"टाय समजला," आमचा शिपाई म्हणाला. "डी म्हंजे?"

"ड्रेस," मी म्हणालो. एवढं ठासून मी आयुष्यात दुसरं काही बोललो नसेन. पदवीधर होतो ना.

बडेबाबू खुर्चीतून हळूच उठले. त्यांच्या चेहऱ्यावर जे आलं, ते मी परत कधी पाहिलं नाही. एखाद्याच्या मुलाचा पहिला नंबर यावा तसं. "शेवटी," ते म्हणाले, "सरकारला कळलं."

पण टाय आणायचे कुठून? दोन-तीन एका शाळेतून आले, रबरवाले, पोरांच्या मापाचे. ते आमच्या शिपायांच्या गळ्यात घोरपडीसारखे चिकटले. एक वकिलाकडून आला. बाकीचे बँडवाल्यांकडून. दुष्काळानं लग्नं पुढं ढकललेली, बँडवाले रिकामेच होते. त्यांनी जरीचे, झिरमिळ्यांचे, एकाहून एक झगमगीत टाय काढून दिले. सकाळी बडेबाबूंनी आम्हाला गोदामासमोर रांगेत उभं केलं आणि एकेकाच्या गळ्यात गाठ मारत गेले. देवी टोचाव्यात तशी रांग पुढं सरकत होती. माझ्या वाट्याला सोनेरी जरीचा टाय आला. त्याला खाली गोंडा होता.

विहिरीवर पथकाच्या जीपा थांबल्या. दिल्लीचे मोठे साहेब उतरले. साधा बुशशर्ट, डोक्याला ओला रुमाल. त्यांनी आम्हाला बघितलं. करपलेलं रान, भेगाळलेली जमीन, आणि मध्ये आम्ही ओळीनं चकाकत उभे.

"ये कौन लोग हैं?" ते आमच्या साहेबांना म्हणाले. "बारात आई है क्या?"

आमच्या साहेबांनी माझ्याकडं बघितलं. मी त्या क्षणापासून फोन घ्यायचं सोडून दिलं.

मोठ्या साहेबांनी विहिरीत डोकावलं. पायऱ्या ढासळलेल्या, खाली उतरायची सोय नाही. तळ खोल, अंधारा, आणि त्या अंधारात काहीतरी लखकन चमकत होतं.

"पानी तो है," ते म्हणाले. "चमक रहा है."

"न्हाई सायेब!" विहिरीच्या काठावरून एक मुलगी ओरडली. परकर-पोलकं, कमरेवर हात. "ती माजी घागर हाय! काल काठावरनं पडली. पितळंची हाय म्हून चमकून राहिली."

मोठे साहेब हसले. दिवसभरात त्यांनी हे प्रत्येक गावात ऐकलं असणार. कुणीतरी दगड टाकला. तो घागरीला चुकवून गाळात पडला आणि "बद्द" असा आवाज आला.

"सुना?" मोठे साहेब म्हणाले. "पानी."

"गाळ हाय वो तो!" सगळं गाव एकदम ओरडलं. सरपंच म्हणाले, "पोहरा सोडून बघा, सायेब. पाणी आलं तर टँकर देऊ नका." पोहरा होता, पण दोर आखूड. विहीर आटल्यापासून लांब दोर दूरच्या मळ्यावर नेलेला. तो आणायला माणूस धाडतो म्हटलं, तर मोठ्या साहेबांनी घड्याळ बघितलं. पुढं अजून गावं होती.

तेव्हा बडेबाबू पुढं आले. "जी, दो मिनट," ते म्हणाले आणि आमच्याकडं वळले. "चला. काढा."

आम्हाला थोडंच काढता येत होतं! तेच एकेकाच्या गळ्याशी हात नेत गेले, चिमटीत काहीतरी धरत गेले, आणि फटाफट आमचे गळे मोकळे होत गेले. टायला टाय जोडत त्यांनी दोर वाढवला. वकिलाचा, शाळेचे, बँडवाल्यांचे. पोहरा खाली गेला, अजून खाली गेला. पुरला नाही. बडेबाबू थांबले. मग त्यांनी आपल्या गळ्याला हात घातला.

ऑफिसातल्या आम्हा सगळ्यांना पहिल्यांदाच त्यांचा गळा दिसला. टायच्या जागी गोरा पट्टा. मरून टाय त्यांनी दोराला जोडला. तरी पुरेना. शेवटी माझ्या सोनेरी टायकडं वळले. मी मघापासून तो स्वतः सोडवायचा प्रयत्न करून गाठ पार बुक्कीएवढी केली होती. त्यांनी ती कशी सोडवली, देव जाणे. तो टाय मरून टायला जोडला, त्याचा गोंडा मुठीत धरला आणि विहिरीवर वाकले. घागरवाली मुलगी त्यांच्या शेजारीच उभी होती. माझ्याकडं, म्हणजे माझ्या गोंड्याकडं बघून तोंडाला पदर नसल्यामुळं वेणी लावून हसत होती. हीच पुढं माझी बायको झाली. तेव्हा मला तेवढंच कळलं, की ही मला हसते आहे.

पोहरा तळाच्या हातभर वर लोंबकळत राहिला. हातभरच! पण पुरेना.

मोठ्या साहेबांनी रुमाल झटकला. "चलो भाई," ते म्हणाले आणि जीपकडं वळले. सरपंच मटकन खाली बसले. बायांच्या घोळक्यातून कुणाचा तरी हुंदका आला.

आणि बडेबाबूंची गाठ सुटली.

सोनेरी टाय त्यांच्या मुठीत राहिला, आणि बाकी सगळा दोर, आमचे सगळे टाय, पोहरा, त्यांचा तो मरून टाय, सगळं सळसळत खाली गेलं. एक क्षण काहीच नाही. मग विहिरीतून आवाज आला:

ठण्ण्ण्!

देवळातली घंटा वाजावी तसा. पोहरा नेमका घागरीवर आदळला होता. आवाज विहिरीत गरगरत वर आला, रानभर पसरला. झाडावरचे कावळे उडाले. मोठे साहेब जागच्या जागी थांबले. पाण्यात पडलेल्या पोहऱ्याचा असा आवाज जगात कुठंच येत नाही, हे दिल्लीच्या माणसालाही समजतं.

"म्या सांगत नव्हते?" मुलगी ओरडली. "माजी घागर!"

मोठे साहेब परत काठावर आले. एकदा विहिरीकडं आणि एकदा बडेबाबूंच्या मुठीतल्या गोंड्याकडं बघून त्यांनी तोंडावर रुमाल धरला. त्यांचे खांदे हलायला लागले. हसू आवरेना त्यांना. हसत हसतच ते आमच्या साहेबांना म्हणाले, "टैंकर दे दीजिए. आज ही."

गावात टँकर आला तेव्हा त्याच्यामागं पोरं नाही, म्हातारी माणसं धावली.

ही माझी हुकमी गोष्ट. 'ज्यांची गाठ कधी सुटायची नाही, त्यांची सुटली ती नेमकी दिल्लीसमोर,' असं मी ती संपवायचो आणि बडेबाबूंचा आ वासलेला चेहरा करून दाखवायचो. ऑफिसात किती वेळा दाखवला असेल! तेही समोर असायचे आणि सगळ्यांत मोठ्यानं हसायचे. "हाव, सुटली बाबा," म्हणायचे. "घाम आला व्हता हाताला."

त्यानंतर बरेच दिवस त्यांच्या गळ्यात टाय नव्हता. दुसरा घ्या म्हटलं तर म्हणाले, "दुसऱ्या गळ्यातला मला बसत न्हाई." लोक यायचे आणि त्यांनाच विचारायचे, "बडेबाबू रजेवर हायत का?" बोलता बोलता त्यांचा हात गळ्याशी जायचा, तिथं काही सापडायचं नाही, मग ते उगीच बटण चाचपायचे. आमचे साहेब एक दिवस मला म्हणाले, "अहो, त्यांच्याकडं बघवत नाही. काहीतरी करा."

गावानं विहिरीचा गाळ काढायला घेतला, तेव्हा मी गेलो. गाळातून पोहरा निघाला, चेपलेली घागर निघाली, टायची ती माळ निघाली. घागरवाल्या मुलीनं टाय धुवून वाळवून ठेवले होते. टँकरचं पाणी होतं ना आता. ते आणायला म्हणून मी दोनदा गेलो. टाय एकदाच आणायचे होते, हे तिच्या वडिलांच्या लक्षात आलं, आणि पुढचं जमलं. बँडवाल्यांचा सोनेरी टाय माझ्या लग्नात बँडवाल्यांच्याच गळ्यात होता.

बडेबाबूंचा मरून टाय धुतल्यावर आटला. छातीच्या मध्यावरच संपायचा. तोच त्यांनी शेवटपर्यंत घातला. आता ते नाहीत. त्यांच्या मुलानं त्यांना निरोप देताना गळ्यात तोच ठेवला होता. गाठ मला बांधायला लावली. त्या दिवशी माझी गाठ पहिल्यांदा बिनचूक आली.

तर रिसेप्शनची संध्याकाळ. बहिणीच्या गच्चीवर आम्ही दोघंच होतो. बायकोनं माझ्या गळ्यातली ती दोन टायची मोळी डोक्यावरून काढली आणि मांडीवर घेतली.

"कात्री आण," मी म्हणालो. "बडेबाबूंची गाठ आहे. ती सुटत नसते. एकदाच सुटली, ती तुमच्या विहिरीवर."

"सुटली न्हवती," ती म्हणाली.

"म्हणजे?"

"सुटली न्हवती. सोडली व्हती. मी बाजूलाच व्हते की. साऱ्यांची नजर पोहऱ्यावर, माझी त्यांच्या बोटांवर. म्हटलं, एवढा भार ही गाठ कशी पेलून राहिली. दिल्लीचा सायेब जीपकडं वळला, तसं त्यांनी गाठ वर हाताशी ओढून घेतली, आतलं शेपूट चिमटीत धरलं. एकदा मरून टायकडं बघितलं. अन् ओढलं. मग माझ्याकडं बघून नुसती मान हलवली. बोलू नको पोरी, म्हणून."

ज्या माणसाचा मी जन्मभर आ वासलेला चेहरा करून दाखवला, तो समोर बसून खदखदून का हसायचा, हे आत्ता कळत होतं.

"अन् इतकी वर्षं मला सांगितलं नाहीस?"

"तुमाला?" ती म्हणाली. "टायडीचा टाय करणाऱ्याला? टँकर बंद करून आले असते तुम्ही."

तिनं गाठ उलटी केली. आतून डोकावणारं एक शेपूट चिमटीत धरलं आणि ओढलं. दोन्ही टाय वेगवेगळे होऊन तिच्या मांडीवर पडले.

"हे असं," ती म्हणाली. "आता खाली जाऊन साऱ्यांना सांगत बसू नका. बटण लावा, चहा घ्या, अन् जरा टायडी ऱ्हावा."